दोन थापा म्हणजे ये

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी म्हणावी. ज्याच्यावर ती बेतली, तो माणूस आजही रोज सकाळी गाडी काढतो. फक्त तो गाडी कधी उलटी घेत नाही. वाटेल तेवढा वळसा घालतो, लोकांच्या शिव्या खातो, पण रिव्हर्सला हात लावत नाही.

का लावत नाही, त्याचीच ही गोष्ट.

घडली सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, समुद्रकिनाऱ्यावर. सुरू झाली भर दुपारी आणि दिवे लागायच्या वेळेला संपली.

म्हणजे, संपली असं तेव्हा वाटलं.

त्या माणसाला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल लाँड्रीत न्यायचे, धुतलेले परत आणायचे, हा त्याचा धंदा. गाडी स्वतःची. पुढे तिघं-चौघं बसतील एवढी केबिन आणि मागे पत्र्याचा बंद डबा. डब्याला खिडकी नाही. आरशात दोन्ही बाजू दिसतात, पण नेमकं पाठीमागे काय आहे ते काही केल्या दिसत नाही.

त्याला ते कधी दिसावं लागलंच नाही. मागे बायको असायची.

नवरा ड्रायव्हर आणि बायको क्लिनर. लाँड्रीतले लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा. घरात कोण कुणाला चालवतं ते विचारा एकदा."

बोचकी चढवून झाली की ती मागचं दार लावायची. उजव्या हाताने कडी धरायची आणि डाव्या हाताने पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे ये. एक थाप म्हणजे थांब. डाव्या हातात अंगठी होती, त्यामुळे प्रत्येक थापेमागे एक बारीक आवाज यायचा. थप... टिण. मागच्या दाराशेजारी एका जागी तिचा हात नेमका पडायचा. इतकी वर्षं पडला की तिथला रंग उडून तळव्याएवढा पांढरा पत्रा उघडा पडला होता.

तिचा एक नियम होता. रस्त्यावर शंभर माणसं ओरडतात. घे, घे, थांब, मर. कुणाचं ऐकायचं नाही. आपण फक्त थापेचं ऐकायचं.

ड्रायव्हरच्या पायाला ते इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला कळायच्या आत पाय हलायचा.

पोरींनाही तिने हाच खेळ शिकवला होता. रिव्हर्स-रिव्हर्स. एकीने गाडी व्हायचं आणि उलटं चालायचं. दुसरीने बादली पालथी घालून थापा द्यायच्या. मागे वळून बघायचं नाही. कुणी तोंडाने काही सांगितलं तर ऐकायचं नाही. मागे बघणारी गाडी बाद.

मग ती आजारी पडली. हिवाळाभर दवाखाना झाला. बोटं इतकी बारीक झाली की अंगठी आपोआप गळून पडायला लागली. शेवटी तिनेच ती थोरलीच्या हातात दिली.

थोरलीने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. ती तेव्हापासून काढलेली नाही.

त्यानंतरची ही पहिली सुट्टी.

ड्रायव्हरला जायचंच नव्हतं. त्याच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे पोरींच्या आत्याने, बळेच काढलं. "पोरींनी काय भिंती बघत बसायचं? तू रडायचं तर तिथे रड. तिथे निदान खारं पाणी खपून तरी जाईल."

असे चौघं गेले. ड्रायव्हर, आत्या, शाळेत वरच्या वर्गात असलेली थोरली, आणि अजून शाळेत न गेलेली धाकटी. तिला सगळे गोटी म्हणायचे. गोल, आणि हातातून निसटणारी.

शेवटच्या दिवशी खोली सोडली. पिशव्या गाडीत टाकल्या. दुपार किनाऱ्यावर काढायची आणि तिथूनच घरी निघायचं असं ठरलं. गाड्या लावायची जागा तीन बाजूंनी भिंतीने बंद होती. ड्रायव्हरने गाडी सरळ आत नेऊन भिंतीला तोंड करून लावली. बाहेर काढताना उलटीच काढावी लागणार होती.

तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नाही.

किनाऱ्यावर माणूस फारसा नव्हता. छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारा एकजण होता, तोही कपाळाला आठ्या घालून.

"छत्री हलवायची नाही. ओल्या अंगाने खुर्चीत बसायचं नाही. दिवे लागायच्या आत सगळं मोकळं करायचं."

"श्वास घेऊ का रे बाबा?" आत्या म्हणाली. "की हवाही तुझीच आहे?"

तो हसला नाही. पाण्याकडे बघून नुसतं म्हणाला, "आज पोरांना लांब सोडू नका," आणि चालता झाला.

जेवणं झाली. आत्या खुर्चीत घोरायला लागली. ड्रायव्हर टॉवेलवर आडवा झाला आणि तोंडावर टोपी ओढली. ऊन अंगावर जड पडलं होतं. पोरींचे आवाज येत होते, मग दूर गेले, मग लाटांचा एकसारखा आवाज तेवढा उरला.

त्यात...

थप. थप.

त्याला टोपीखाली हसू आलं. पोरी रिव्हर्स-रिव्हर्स खेळतायत.

थप. थप.

थाप छान होती. घाई नाही, मोजून-मापून. हाताला वजन होतं. थोरली शिकली म्हणायची. एरवी तिची थाप म्हणजे उशी झटकल्यासारखी.

थप. थप.

"बाबा, पाण्याची बाटली कुठाय?"

आवाज थोरलीचा होता. अगदी त्याच्या डोक्याशी.

त्याने टोपी काढली. थोरली त्याच्या शेजारी पिशवी उपसत बसली होती. निळी बादली तिच्या पायाशी पडली होती.

थप. थप.

तो उठून बसला.

गोटी पाण्यात होती. एकटी. त्याच्याकडे तोंड करून उलटी चालत होती. हात कमरेजवळ, स्टेअरिंग धरल्यासारखे. पाणी तिच्या पोटापर्यंत आलं होतं आणि ती हसत होती.

"गोटी! थांब!"

तिने मान हलवली. नाही.

तोंडाने सांगितलेलं ऐकायचं नव्हतं ना.

तो पळाला. वाळूत पाय रुतत होते. मागून थोरली ओरडत होती, आत्या जागी होऊन ओरडत होती. गोटी कुणाचंच ऐकत नव्हती. एक पाऊल मागे. थप, थप. आणखी एक. पाणी छातीपर्यंत... गळ्यापर्यंत...

एक लाट तिच्या डोक्यावरून गेली.

ड्रायव्हरने पाण्यात सूर मारला आणि हाताला लागला तो फ्रॉक धरून ओढला. गोटी वर आली. खोकत, नाकातोंडातून पाणी काढत, पण जिवंत. त्याने तिला छातीशी घट्ट धरलं आणि तिथेच उभा राहिला, धापा टाकत.

समोर सपाट पाणी होतं. कुणी नव्हतं.

आणि त्याच्या कानाशी, अगदी हातभर अंतरावर...

थप. थप.

ओल्या तळव्याने पाण्यावर मारल्यासारखी.

त्याचा एक पाय मागे पडला. आपोआप. खोल पाण्याकडे.

मग तो बाहेर पळाला.

वाळूवर आल्यावर आत्याने गोटीला उलटं-सुलटं केलं, पाठीत थापटलं, आणि मग एक धपाटाही दिला. "मेले, कुठे चालली होतीस?"

गोटी रडली नाही. बापाकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "थांबची थाप आलीच नाही."

"कोण देत होतं थापा?"

"आई."



"दिसली तुला?" ड्रायव्हरने विचारलं.

"मागे नाही बघायचं ना, बाबा."

आरडाओरडा ऐकून छत्रीवाला आला होता. त्याने मदत केली नाही, पाणी विचारलं नाही. उलट भडकला. "सांगितलं होतं ना लांब सोडू नका म्हणून? आणि ती बाई कुठाय तुमची?"

"कोण बाई?" आत्या म्हणाली.

"पोरीच्या मागे उभी होती ती. कमरेएवढ्या पाण्यात. मला वाटलं घरातलं माणूस आहे सोबत, म्हणून गप्प बसलो. मी हाक मारली तर तिने..." तो थांबला.

"तिने काय?"

त्याने चौघांकडे बघितलं. मग छत्री मिटायला लागला. आठ्या गेल्या होत्या.

"निघा तुम्ही. खुर्च्या राहू द्या, मी उचलतो. निघा."

सामान गोळा केलं ते कसंबसं. आत्याने गोटीला मोठ्या पिवळ्या टॉवेलात गुंडाळलं. ड्रायव्हर खाली मान घालून चपला शोधत होता. आत्या त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाळ्या, तोंडाकडे बघ माझ्या. काय चाललंय डोक्यात ते कळतंय मला."

"ताई, थाप तिचीच होती."

"तिची होती?"

"मी ओळखणार नाही का? इतकी वर्षं..."

"ती असती तर पोटच्या पोरीला पाण्यात नेलं असतं? तिने? ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसणारी बाई ती."

त्याने चपला पायात घातल्या. पण आतून त्याला काहीतरी ओढत होतं. कुणाला सांगता येत नाही असं. त्याला ती थाप पुन्हा ऐकायची होती. कितीतरी महिन्यांनी त्याला मागून कुणीतरी ये म्हटलं होतं.

गाडीपाशी पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. बाकीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. ड्रायव्हरने टॉवेलात गुंडाळलेली गोटी केबिनमध्ये सीटवर आडवी केली. तिचे डोळे मिटत होते. आत्या म्हणाली, "पाय वाळूने भरलेत. आम्ही दोघी नळावर धुऊन येतो, तोवर गाडी वळवून घे." नळ भिंतीच्या पलीकडच्या टोकाला होता.

"थोरले, तू मागे राहा," ड्रायव्हर म्हणाला. "थापा दे."

"पाय धुऊन लगेच येते, बाबा."

त्याने सामान मागे टाकलं, दार लावलं, कडी घातली. पुढे येऊन बसला. शेजारी पिवळा टॉवेल तसाच गुंडाळलेला होता. पोर झोपली वाटतं, म्हणून त्याने हात लावला नाही. गाडी सुरू केली आणि थोरलीची वाट बघत बसला.

फार वेळ बसावं लागलं नाही.

थप. थप.

मागून. पत्र्यावर.

पोरगी आली, असं त्याला वाटलं आणि पायही हलला. गाडी मागे सरकली.

थप. थप.

मग त्याच्या लक्षात आलं.

ही उशी झटकल्यासारखी थाप नाही. ही वजनदार आहे. मोजून-मापून दिलेली आहे.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर तो त्या क्षणी घाबरला नाही. सुखावला. रोजच्यासारखी संध्याकाळ आहे, मागे बोचकी भरलीत, ती कडी धरून उभी आहे, आत्ता येऊन शेजारी बसेल आणि म्हणेल, सरक जरा. गाडी मागे जात होती. त्याने ती जाऊ दिली.

थप. थप. ये. ये.

सहज त्याची नजर बाजूच्या आरशावर गेली.

आरशात नळ दिसत होता. नळापाशी आत्या होती, आणि थोरली. थोरली चपला हातात घेऊन अनवाणी पळत सुटली होती. जोरजोरात हात हलवत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. ती ओरडत होती.

त्याला ते दिसत होतं. पण पाय ऐकत नव्हता. तोंडाने सांगितलेलं ऐकायचं नाही, हे पायाला पक्कं ठाऊक होतं.

थप. थप.

आणि तेव्हा त्याला उमगलं की या थापेत काय कमी आहे.

अंगठी.

पाण्यातही नव्हती. इथेही नाही. थप आहे... टिण नाही.

ब्रेक दाबायचा म्हणून त्याने पाय उचलायला बघितला. पाय जड झाला होता. ओला झाला होता. गाडी मागेच जात होती...

थप. टिण.

एकच थाप.

तिच्या नेहमीच्या जागी. कडक. रागावल्यासारखी.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली. त्या धक्क्याने पिवळा टॉवेल सीटवरून खाली पडला आणि उलगडला.

आत कुणी नव्हतं.

तो दार उघडून मागे धावला.

गोटी गाडीच्या मागे उभी होती. गाडीकडे पाठ करून. हात स्टेअरिंग धरल्यासारखे. तिची पाठ मागच्या पत्र्याला टेकली होती. एक वीतभर गाडी आणखी आली असती तर...

ती गाडीकडे उलटी चालत येत होती आणि गाडी तिच्याकडे उलटी येत होती. दोघांनाही तीच थाप ये म्हणत होती.

त्याने तिला उचललं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आता आली थांबची."

थोरली पोचली. तिने एक हात गळ्याशी घट्ट धरला होता. दोऱ्यातली अंगठी मुठीत होती.

आत्या मागून धापा टाकत आली आणि पत्र्याकडे बघून जागीच उभी राहिली.

पत्र्यावर हातांचे ठसे होते. ओले. वाळूचे. कितीतरी. दाराला, कडेला, खाली चाकापाशी, वर जिथे माणसाचा हात पोचणार नाही तिथेही. सगळे एकाच हाताचे.

फक्त एक जागा कोरडी होती. रंग उडालेली, तळव्याएवढी.

त्या जागेवर एकही ठसा नव्हता. ठसे तिच्याभोवती गोल उमटले होते. जवळ आले होते. पण तिला लागले नव्हते.

त्या संध्याकाळी आत्या मागे उभी राहिली. तोंडाने ओरडून, हात हलवून तिने गाडी बाहेर काढवली.

घरी आल्यावर आत्याने एकच धोशा लावला. गाडी विक. आजच्या आज विक. लोखंडच आहे ते, दुसरं घे.

ड्रायव्हर नाही म्हणाला. आत्याला वाटलं, हट्टी आहे. पण त्याचं म्हणणं साधं होतं. माझ्या पोरीला जिने वाचवलं तिची तेवढीच जागा उरली आहे. ती मी भंगारात घालू?

त्याने गाडी धुतली. ठसे गेले. कोरडी जागा त्याने फडक्याने पुसली, तीही हळू हात लावून. तेव्हापासून रोज सकाळी कामाला निघताना तो तिथे तळवा ठेवायचा. तिला काही सांगायचा. पोरी कशा आहेत, गोटीचा दात पडला, असलं काहीतरी.

गोटीचा तो खेळ बंद केला. बादली टाकून दिली.

पुढे बरेच दिवस काही झालं नाही.

मग मागच्या आठवड्यात एका सकाळी तो लाँड्रीच्या दारात गाडी लावून बसला होता. लख्ख ऊन होतं. आत यंत्रं घरघरत होती. मुकादम चहा पीत उभा होता. बोचकी चढवून झाली होती आणि निघायचं होतं. पुढे रस्ता मोकळा होता, मागे घ्यायची गरजच नव्हती.

तेवढ्यात मागून...

थप... टिण. थप... टिण.

त्याचा हात गियरवर गेला. नकळत. रिव्हर्सवर.

दोन थापा. ये.

अंगठीसकट.

त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली. तसाच मोबाईल काढून त्याने घरी फोन लावला. आत्याने उचलला.

"ताई, थोरली कुठाय?"

"शाळेत निघालीये. का रे?"

"गळ्यात अंगठी आहे का बघ."

"आहे की. हे काय, दिसतेय. बाळ्या, काय झालं?"

"गोटी?"

"खेळतेय आत. बाळ्या, बोल ना काहीतरी."

तो खाली उतरला आणि मागे गेला. मुकादमाला विचारलं, इथे कुणी होतं का. मुकादम म्हणाला, "कुणी नाही. का हो?"

पत्रा स्वच्छ होता. काल संध्याकाळीच धुतलेला.

फक्त रंग उडालेल्या त्या जागेवर, बरोबर मधोमध, एक तळवा उमटला होता. ओला. बोटांच्या फटींत वाळू.

आणि एका बोटाच्या मुळाशी बारीक गोल खूण.

त्याने वास घेतला. खारा होता.

आता तो एवढंच सांगतो. म्हणतो, मला त्या ठशाची भीती नाही वाटत. ज्या थापेने पोर वाचली, ती एकच थाप मला ओळखता येत होती. आता तिची आणि त्या दुसरीची, दोन्ही सारख्याच वाजतात.

एवढं सांगून तो कान देऊन ऐकत राहतो.

फोनवर आत्या त्या सकाळी अजून बोलत होती. मध्येच थांबली. आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "गोटे, सरळ चाल. अशी उलटी कुठे चाललीस? कोण आहे तिकडे मोरीत?"